पेनीचा खर्ज

हाआनो बेट, ३ फेब्रुवारी

फाने,

तुझ्या मुलाने पाठवलेलं पिंप बोटीतून उतरलं. आत शर्टच शर्ट, पिवळे. छातीवर आईचं नाव आणि पाठीवर आम्हा सगळ्यांची नावं, शाळेतल्या हजेरीसारखी वरून खाली. एकसष्ट शर्ट, आणि सगळे एकाच मापाचे. माप असं की आमच्या पास्टरीणबाईंच्या दंडाशीच अडकला, आणि मी घातला तर तंबूत राहायला गेल्यासारखी दिसते.

रोज फोनवर तोंडं दिसतात, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, त्या फोनवर मी तुला ‘बरी आहेस का’ विचारलं की उत्तर द्यायला सतराजण पुढे येतात. मागच्या वेळी मी तुला माझ्या दाढेचं सांगत होते, तर दुसऱ्या दिवशी हवाईहून लवंगेच्या तेलाचा निरोप आला. म्हणून म्हटलं, नणंद-भावजयीचं बोलणं कागदावरच बरं. कागद कुणी फोडला तर कळतं तरी.

ईस्टरला आईच्या जन्माला शंभर वर्षं होतात. थडग्यावर नवी वाळू घातली, काळे खडे मी स्वतः निवडले. मेजवानीचं गावात सांगून झालं. आणि आता माइकोलो म्हणतो, “आत्या, कुणी यायची गरजच नाही. मोठा पडदा लावू, पाच देशांतले सगळे एकदम दिसतील.” ‘गरजच नाही’ हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की मलाही आनंद झाला. फोन ठेवल्यावर कळलं की कुणीच येणार नाही.

बाकीचे न आले तरी चालेल. खरं सांगू, सगळे आले तर मला झोपायला जागा नाही. पण पेनीला पाठव. दोन वर्षं हे फोनचं चाललंय, आणि ज्याच्यासाठी मी केस विंचरून बसते तो माझा भाऊ एकदाही दिसलेला नाही. दिसणार कसा? मी चित्रात आले की तो उठून जातो. तुझा माइकोलो ऑकलंडात जन्मला, त्याला वाटतं बाप लाजतो. “आत्या, डॅड इथेच आहेत, हात हलवा,” म्हणतो, आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज. मी दहाची झाले त्या दिवशी पेनीचं अंथरूण काकांच्या खोपटात गेलं. तेव्हापासून बहीण-भाऊ एका छपराखाली समोरासमोर बसलो नाही, एकमेकांची थट्टा केली नाही. मान म्हणजे मान. पण गावात असताना तो बाहेर नीरफणसाखाली बसायचा आणि मी आत विणत असायची. तो खोकला की मला कळायचं, मी डुकरांवर ओरडले की त्याला. दिवस छान जायचा. फोनला अंगण नसतं, फाने. माणूस एक तर चित्रात असतो, नाहीतर नसतोच.

त्याच्या कमरेची चटई विणायला घेतली आहे. चर्चला जाताना जुनीच गुंडाळत असेल. येऊन घेऊन जा म्हणावं. पहिली कोनफळंही त्याच्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुझी नणंद,
लेसिएली

ता. क. कोंबडा हल्ली भर दुपारी आरवतो. त्याचं वय झालंय की माझं, ते कळत नाही.

·

ऑकलंड, २१ फेब्रुवारी

वन्स,

पत्र पोचलं. आणणाऱ्या बाईने पिशवीत सुका मासाही ठेवला होता, त्यामुळे पत्राआधी वास घरात शिरला आणि हे आतूनच म्हणाले, “ताईचं पत्र.”

शर्टांबद्दल मी माइकोलोला बोलले. तो म्हणतो, एक कुटुंब, एक माप. समितीने तसा ठराव केला आहे. समितीत तो, त्याची बायको आणि त्याची सासू.

यांचं येणं यंदा जमेलसं दिसत नाही. गुडघे धरतात. शिवाय मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी यांच्या पुरुषमंडळाची बैठक असते चर्चमध्ये, ती चुकवून चालत नाही. आणि वन्स, कोनफळं पाठवू नका. केळी नकोत, नारळाचं दूध नको. यांना आता ते मानवत नाही. पाणीसुद्धा पेल्याने मोजून पितात. इकडची पद्धत तशी.

रागावू नका. चाळीस वर्षं मी तुमच्या भावाची चूल सांभाळते आहे. घरच्या मेजवानीला तुमची जागा चटयांच्या ढिगावर आणि माझी दाराशी, भांड्यांजवळ. रीतच आहे, तक्रार नाही. पण तुम्ही पडद्यावरून आलात तरी ढिगावरच बसाल, एवढा शब्द देते.

तुमची,
फाने

·

हाआनो, ९ मार्च

फाने,

तुझं पत्र मी पास्टरीणबाईंना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसून दमलो.

पेनीला कोनफळ मानवत नाही! आईच्या टोपलीतलं कच्चं पळवून खाणारा माणूस तो. आता तिकडे काय खातो, ढग? आणि पाणी मोजून पितो म्हणे. इथे असताना विहिरीला तोंड लावायचा. साहेब झाला तुझा नवरा.

सगळ्यात भारी ते पुरुषमंडळ. आठवड्यातून तीनदा! प्रवचनात झोप लागून जो बाकावरून खाली पडला आणि पडल्यावरही जागा झाला नाही, तो हा माझा भाऊ. कपाळावर खूण असेल अजून, बघ. एक तर ऑकलंडातला देव फार कडक आहे, नाहीतर तिथे उपासनेनंतर खायला चांगलं देतात.

आता ऐक. मी त्याची थोरली बहीण, तुमच्या घराची फाहू. त्याच्या घरातली हवी ती वस्तू मी न विचारता उचलू शकते, तुझा फ्रीजसुद्धा, आणि तू फक्त दार धरून उभं राहायचं. चाळीस वर्षांत मी काय उचललं? तुझ्या लग्नात ती फुलाफुलांची छत्री, बस. बाकी सगळा मान मी तुमच्याकडेच ठेवलाय. आता एकदम मागते. एक आठवड्यासाठी माझा भाऊ दे. गुडघ्यांचं मी बघते, इथे तेल आहे.

फाहूचा शब्द मोडलेलं घर मी तरी पाहिलं नाही.

लेसिएली

·

ऑकलंड, २२ मार्च

वन्स,

शब्द मोडत नाही, पुढे ढकलते. हे म्हणाले, “ताईला सांग, पुढच्या वर्षी.”

समितीचा निरोप: चित्रात असताना सगळ्यांनी कमरेला चटई गुंडाळावी, शर्ट घालावा, आणि आपली पाळी नसेल तेव्हा बोलू नये. हे तुम्हाला कळवायचं काम समितीत कुणी घेतलं नाही, म्हणून माझ्याकडे आलं.

छत्रीची मलाही आठवण आहे. रोज येत नाही. पाऊस पडला की येते.

फाने

·

हाआनो, ईस्टरनंतरचा मंगळवार

फाने गं,

काय सांगू, इतकी हसले की दाढ दुखायची थांबली.

तुला तिकडून अर्धंच दिसलं असेल. इकडे चर्चच्या सभागृहात पलंगपोस ताणून बांधला, त्यावर तुम्ही सगळे. पास्टरांनी प्रार्थना सुरू केली. वीस मिनिटं. पहिल्या मिनिटापासून तुम्ही हात हलवत होतात, कारण इकडचा आवाज तिकडे पोचतच नव्हता. पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, त्यामुळे पाच देशांचे हात हलताना कुणी पाहिलेच नाहीत. मी पाहिले. मी एक डोळा उघडा ठेवते, माझं वय झालंय. पण मध्ये बोलणार कोण? आमेन झाल्यावर कळलं, आणि पास्टरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. देवाचं ऐकून झालं होतं, अमेरिकेतल्या सॉल्ट लेकवाल्यांचं राहिलं होतं.

मग तोंडं. फाने, सगळे पिवळे आणि सगळ्यांना आपल्याच घरचं नाक. मी एका चौकटीतल्या पोरीला म्हटलं, मोठी झालीस गं, लग्नाचं बघायला हवं. तो सिडनीचा केलेपी निघाला, केस वाढवलेत म्हणे. तुझा तो ब्रिस्बेनचा पुतण्या वर एवढा थाटात, कमरेला आजोबांची चटई, आणि मध्येच काहीतरी आणायला उठला तर खाली फुटबॉलची चड्डी. इकडे बायका तोंडात टॉवेल घालून हसत होत्या.

तू शब्द पाळलास. पाच चटया, त्यावर उशी, उशीवर तो पाटीएवढा फोन, आणि फोनमध्ये मी. समोर डुकराची अख्खी पाठ वाढलेली. मी इकडून मला तिकडे बघत होते. लोक येत होते, वाकत होते, जात होते. म्हटलं, चला, मेल्यावर कसं दिसेल ते आधीच बघून झालं. तेवढ्यात कुणाचा तरी पाय लागला आणि मी तोंडावर पडले, अळूच्या पानातल्या मांसात. मग मला नुसतं नारळाचं दूध दिसत होतं आणि माइकोलो ओरडत होता, “आत्याला पुसा कुणीतरी!”

आणि केक. वरचा मजला फाहूचा, तो माझ्यापुढे ठेवलात, फोटो काढलात. फोटो काढणाऱ्याचा हात खाली यायच्या आत तुझ्या विहीणबाईंनी तो उचलून मागे नेला. त्यांना वाटलं मी फोटोच आहे. मान माझा आणि मलई त्यांची. असो. इथून मी खाणार तरी कशी होते?

पेनी दिसला नाही. दिसायचा नव्हताच. तू म्हणालीस मागे डुक्कर भाजायच्या भट्टीपाशी आहे. म्हटलं ठीक, दिसू नये, पण ऐकू तर येईल. मग आईचं आवडतं गीत सुरू झालं. तो गोंधळ तू ऐकलासच. आमची दुसरी ओळ संपते तेव्हा तुमची पहिली पोचते, आणि सिडनीवाले अजून श्वास घेताहेत. गीत न म्हणता आम्ही सगळे ते वाटेवर सांडत चाललो होतो. तिसऱ्या कडव्याला मी गप्प झाले आणि कान लावला. तुमच्या बाजूच्या बायका ऐकू आल्या. माइकोलोचा बेडूक ऐकू आला. पण खाली काही नव्हतं. पेनीचा खर्ज नव्हता. तो खाली असला की बाकीचे त्यावर उभे राहतात, तुला माहीत आहे. या वेळी सगळे पाण्यात पाय मारत होते.

आईच्या शंभरीला तो गायला का नाही, एवढं कळव.

लेसिएली

·

ऑकलंड, १९ एप्रिल

वन्स,

गात होते. मागे भट्टीपाशी उभं राहून. मी स्वतः ऐकलं. माइकोलो सांगतो की हे फोन बायकांचे बारीक आवाज पकडतात आणि जाड आवाज वाटेत गाळतात. फोनचा दोष आहे, मनावर घेऊ नका.

तुम्हाला मीच पुसलं, माझ्या पिवळ्या शर्टाने. नाकाखाली चार्जरच्या खाचेत थोडं नारळाचं दूध राहिलं आहे, ते निघत नाही.

विहीणबाईंचं दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. एवढंच कळवते.

फाने

·

हाआनो, ४ मे

फाने,

फोन जाड आवाज गाळतो हे वाचून मी आठवत बसले. त्या दिवशी मला तुमच्या कुत्र्याची गुरगुर ऐकू आली होती. फ्रीजची घरघर ऐकू आली. घरावरून विमान गेलं ते ऐकू आलं, त्याचा आवाज काही बारीक नसतो. फोनने सगळं आणलं आणि माझा भाऊ तेवढा गाळला.

पांगाईच्या इस्पितळातून नर्सबाई आल्या होत्या, माझी दाढ बघायला. वाकून बघत होत्या, तेव्हा गंमत म्हणून मी त्यांना कोडं घातलं. म्हटलं, बाई, एक माणूस आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी न चुकता बाहेर जातो, केळं खात नाही, कोनफळ खात नाही, पाणी मोजून पितो. सांगा, तो कुठल्या चर्चचा?

त्या हसल्या नाहीत.

म्हणून तुला विचारते. फाहू म्हणून नाही आणि नणंद म्हणूनही नाही.

लेसिएली

·

ऑकलंड, २० मे

वन्स,

दोन वर्षं झाली. दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी यांना इस्पितळात यंत्राला जोडतात. सगळं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत घालतात, चार-पाच तास. आपल्या बेटावर ते यंत्र नाही, म्हणून यांना विमान नाही. पुढच्या वर्षीही नाही.

यांनी आम्हा सगळ्यांना बायबलवर हात ठेवायला लावला. म्हणाले, “ताईला कळलं तर ती पुढच्या बोटीने निघेल आणि माझ्या उशाशी येऊन बसेल. मी उघडा, अंगाला नळ्या, आणि समोर माझी बहीण. मी तोंड कुठे लपवू?” तुम्ही पडद्यावर आलात की हे उठतात ते मानासाठी, ते खरं आहे. पण मानासाठी दार ओढून अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसावं लागत नाही. चेहरा उतरला आहे, वन्स. कुणीतरी पडदा वळवेल आणि तुम्हाला दिसेल, याची भीती.

ईस्टरला गायला उभे राहिले होते. ते खोटं नाही. पहिल्या ओळीत दम संपला. मग भट्टीवरचे दगड हलवत बसले, कुणी बघू नये म्हणून.

एक बोलते, मग हवं तर माझ्या घरातलं सगळं उचलून न्या. ढिगावर बसणाऱ्याला पुढचं ताट दिसतं. दाराशी बसणारीला सगळं घर दिसतं. दोन वर्षं मी एकटीच बघते आहे, आणि तुम्ही आम्हाला साहेब म्हणून हसत होतात. मी हसू दिलं. तुम्ही तरी हसत होतात.

आता तुम्ही सांगाल तसं.

फाने

·

हाआनो, ८ जून

फाने,

रडले का म्हणून विचारू नकोस. दाढ काढली, त्याचं दुखत होतं.

तुझं खोटं मला दिसलं नाही, याचा राग आधी तुझ्यावर काढला, मग कोंबड्यावर, मग माझ्यावर आला. साहेब काय, ढग काय, किती बोलले मी. पास्टरीणबाईंना वाचूनसुद्धा दाखवलं. आता त्यांना काही सांगितलेलं नाही. त्या हसतात, मी हसू देते. तुझ्याकडून शिकले.

मी येत नाही. भावाच्या उशाशी जाऊन बसणारी आणि त्याला लाजेने मारणारी बहीण मी नाही. त्याला सांग, ताईला काही माहीत नाही. तो समजेल की माहीत आहे. तेवढं पुरतं आम्हाला.

आता फाहूचा शब्द ऐक, आणि या वेळी ढकलू नकोस. जुलैतल्या पहिल्या रविवारी, दुपारच्या उपासनेच्या वेळी. निमित्त काही नाही. शर्ट नाही, समिती नाही, माइकोलो तर नाहीच. तू तुझा फोन मागच्या खिडकीत ठेव, तोंड कुंपणाकडे. पेनीने मागच्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसावं, फोनला पाठ करून. इकडे मी पास्टरीणबाईंचा फोन दारात ठेवते, तोंड नीरफणसाकडे, आणि मी आत विणत बसते. कुणी कुणाला हाक मारायची नाही. फोनला अंगण नाही ना, मग आपण करू. गायचं की नाही ते त्याचं तो बघेल. नुसता खोकला तरी चालेल मला.

चटई पाठवते आहे. कडा बांधायच्या राहिल्यात, पण आता थांबत नाही.

आणखी एक. त्या रविवारी तू घरातल्या सगळ्या चटया काढ, ढीग रच आणि त्यावर तू बस. भांडी कुणीही घासेल. माझी जागा आहे, मी हवी तिला देईन.

छत्री त्याच पार्सलात आहे. एक काडी मोडलीय.

लेसिएली

·

ऑकलंड, २४ जून

वन्स,

चटई पोचली. कडा नसताना यांनी तशीच कमरेला गुंडाळली. शनिवारी इस्पितळात नर्सने काढायला सांगितली, तर म्हणाले, “नळी हाताला लावायची आहे, कमरेला नाही.”

रविवारचं सांगितलं. यांनी चटईच्या सुट्या कडा आत खोचल्या. मग म्हणाले, “ताईला म्हणावं, तो कोंबडा बांधून ठेव.”

ढिगावर बसून बघितलं, आधीच. पाठ दुखते. तुम्ही इतकी वर्षं कसं बसलात?

छत्री उघडून ठेवली आहे. पाऊस नाही, तरीपण.

फाने

·

हाआनो, ९ जुलै

फाने,

कोंबडा बांधला होता. तरी आरवला, तुम्ही ऐकलंच.

मी दाढेचं सांगून उपासना चुकवली. दाढ काढून महिना झाला, पण चर्चमध्ये कुणी तोंडात बघत नाही. फोन दारात ठेवला, तोंड झाडाकडे, आणि आत बसले. आधी तुमचा नळ ऐकू आला. मग कुत्रा. मग खुर्ची सरकली. दोन वर्षं तो आवाज आला की मला कळायचं, पेनी उठून गेला. रविवारी तोच आवाज आला आणि मग पुढे पावलं वाजली नाहीत. बसला होता.

मग काही झालं नाही, फाने. दोन तास काहीच झालं नाही. मी विणत होते, तो खोकत होता. एकदा डुक्कर स्वयंपाकघरात शिरलं, मी त्याच्या आईबापांचा उद्धार केला, आणि तिकडून पेनी खोकला, पण तो खरा खोकला नव्हता. हसू दाबलं की त्याला ठसका लागतो, आठ वर्षांचा होता तेव्हापासून. बहिणीच्या बोलण्यावर हसायचं नाही ना.

मग शेजारी चर्चमध्ये आईचं गीत सुरू झालं. भिंत एवढीशी, सगळं ऐकू येतं, तिकडेही गेलं असेल. मी विणणं थांबवलं नाही. पहिलं कडवं झालं, तिकडून काही नाही. दुसरं झालं. तिसरं झालं. आमेन झालं, बाकं सरकली, लोक टोप्या घालून बाहेर पडले. म्हटलं, असू दे. खोकला पुरे असं मीच लिहिलं होतं. आणि सगळं सामसूम झाल्यावर पेनीचा खर्ज आला. एकच ओळ. अर्ध्यावर श्वासाला थांबला. मला वाटलं संपली. मग त्याने पुन्हा उचलली आणि शेवटपर्यंत नेली. खाली ठेवली, फाने, जशी जड टोपली ठेवतात तशी, सावकाश.

पास्टरीणबाई फोन न्यायला आल्या. बघून म्हणाल्या, “अगं, यात तर कुणीच नाही, नुसतं कुंपण. बिघडला वाटतं.” तुझ्या माइकोलोचाही निरोप आला, दोन तास फोन चालू राहिला, चित्रात एक माणूस नाही, आत्याला बंद करता येत नाही का, म्हणून. दोघांना मी हो म्हटलं. बिघडलाय तो असाच राहू द्या, मला दर रविवारी हवा आहे.

कडा बांधायला चटई परत पाठवू नकोस. तशीच राहू दे.

आणि पेनीला सांग, नेहमीसारखा उशिरा आलास. सगळे उठून गेल्यावर. ताट मी झाकून ठेवलं होतं. कोनफळं तेवढी मी खाल्ली.

लेसिएली